एसयूव्ही की सेडान: कोथरूडच्या एका घरातलं प्रकरण

आधी घर सांगतो, गाडी नंतर. माझा आतेभाऊ, त्याला मी दादाच म्हणतो, कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या आसपास राहतो. घरात पाच माणसं: दादा, वहिनी, दहावीतली पुतणी, आत्या आणि काका. जुनी हॅचबॅक दर सर्व्हिसिंगला काहीतरी नवीन खर्च काढत होती, ती विकायची आणि सोळा लाखांच्या आतबाहेर ऑन-रोड एक पेट्रोल गाडी घ्यायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढे नाही. दादाला एसयूव्ही हवी, वहिनीला सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली बुटकी गाडी हवी, आणि काकांना अशी गाडी हवी जी या बजेटमध्ये भारतात आता कोणी विकतच नाही, म्हणजे वॅगन (सेडानसारखीच बुटकी, पण छत थेट मागच्या टोकापर्यंत नेलेलं). आत्याला कोणी विचारलंच नव्हतं.

गाडीचा वापर असा. दादा आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला, चांदणी चौकातून बायपासने. बाकीचे दिवस गाडी वहिनीच्या हातात, कर्वे रोड, डेक्कन, पुतणीचा क्लास, आत्याची फिजिओथेरपी. वर्षातून दोन-तीनदा दापोलीजवळ गावी, ताम्हिणीतून माणगाव, मग आंबेत-मंडणगडमार्गे, गणपतीला नक्की आणि मे महिन्यात आंब्याला नक्की. आत्याचा एक गुडघा बदलून झालाय, दुसरा रांगेत आहे. ही सगळी २०२५ च्या दसऱ्याच्या आसपासची गोष्ट, तेव्हा शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती.

काकांचं आधी उरकतो, कारण ते दिसतं तेवढं विनोदी नाहीये. काका आयुष्यभर पिंपरीला टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते आणि १९९२ मध्ये टाटा इस्टेट ही वॅगन आली तो काळ त्यांनी आतून बघितलाय. त्यांचं म्हणणं, माणसं सेडानसारखी खाली बसतात, सामान छतापर्यंत भरता येतं, आणि गाडी वळणावर झुलत नाही, मग अजून काय पाहिजे? तत्त्व म्हणून शंभर टक्के बरोबर आहे हो. पण आपल्याकडे वॅगन काही टिकली नाही. मारुतीने बलेनो अल्टुरा आणून बघितली, टाटांनी इंडिगो मरिना आणली, स्कोडाने ऑक्टाव्हिया कॉम्बी आणली, सगळ्या गेल्या. लोकांना मागचा चौकोनी भाग ॲम्ब्युलन्ससारखा वाटायचा आणि त्या काळात डिकी बाहेर आलेली दिसली तरच ती मोठी गाडी. आता तोच चौकोनी मागचा भाग थोडा वर उचलायचा, चाकांभोवती काळं प्लास्टिक लावायचं, की एसयूव्ही म्हणून हातोहात खपतो. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आम्ही फक्त प्लास्टिक लावायला विसरलो."

दादाकडे दहा-बारा गाड्यांची यादी होती, व्हिडिओ बघून बघून केलेली. मी ती बाजूला ठेवायला लावली आणि फक्त दोन गाड्या समोरासमोर घेतल्या, स्कोडाची स्लाव्हिया आणि स्कोडाचीच कुशाक. एक सेडान, एक एसयूव्ही, पण प्लॅटफॉर्म एक, दोन्ही चाकणला बनतात, इंजिनं तीच (१.० टर्बो ११५ पीएसचं आणि १.५ टर्बो १५० पीएसचं), व्हीलबेससुद्धा (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) तोच, २६५१ मिमी. फोक्सवॅगनची व्हर्टस आणि टायगुन ही त्यांचीच भावंडं. याचा फायदा असा की फरक उरतो तो निव्वळ बॉडीचा. एका कंपनीची सेडान आणि दुसऱ्या कंपनीची एसयूव्ही घेऊन बसलं की इंजिन वेगळं, सस्पेन्शन वेगळं, फीचर वेगळे, आणि मग आपण नक्की कशावर भांडतोय तेच कळेनासं होतं.

दादाचा पहिला मुद्दा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची रस्त्यापासूनची उंची. पुण्यात राहणाऱ्या माणसाचा तो असणारच. कागदावर कुशाक १८८ मिमी, स्लाव्हिया १७९ मिमी. नऊ मिमी. दादा दोनदा आकडे बघून म्हणाला, "मग एसयूव्ही कसली रे ही?" हाच तर मुद्दा आहे. होंडा सिटी १६५ आणि त्यांचीच एलिव्हेट २२० घेतली तर फरक ५५ मिमीचा, तो खरंच जाणवतो, पण नुसतं एसयूव्ही म्हटलं म्हणजे गाडी उंच असेलच असं नाही आणि सेडान म्हटलं म्हणजे घासेलच असंही नाही.

त्यातून पोट घासणं नुसत्या उंचीवर नसतं, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर किती यावरही असतं. दोन्ही आकडे घेऊन, पोट न घासता किती टोकदार उंचवटा पार होईल त्याचा कोन काढला तर कुशाकचा साधारण १६.१ अंश येतो आणि स्लाव्हियाचा १५.४, म्हणजे पाऊण अंश. पाच माणसं आणि सामान भरल्यावर गाडी मागे बसते त्यात हे नऊ मिमी कुठल्या कुठे जातात. आणि खरं सांगायचं तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावर कुठलीच गाडी घासायचं कारण नाही. घासते ती सोसायटीच्या गेटसमोर कोणीतरी उरलेल्या काँक्रीटचा हातभर रुंदीचा टोकदार उंचवटा करून ठेवलेला असतो त्यावर, आणि तिथे तिरकी गाडी घेऊन एकेक चाक चढवणं हा एकच उपाय, बॉडी कुठलीही असो. खड्ड्यांसाठी टायर बघा. २०५/६० लिहिलं असेल तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची रबरी भिंत, १२३ मिमीची, २०५/५५ असेल तर ११३ ची. मोठ्या अलॉय व्हीलच्या नादात ही साइडवॉल कमी होत जाते आणि नंतर लोक म्हणतात सस्पेन्शन कडक आहे.

दुसरा मुद्दा पाणी. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, तिथे १७९ आणि १८८ दोन्ही पाण्याखालीच. साचलेल्या पाण्यात महत्त्वाचं असतं ते इंजिन हवा कुठून ओढतं ते, आणि गाडी पाण्यात बंद पडली तर परत चावी न फिरवणं. इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्यायला सांगितलं, विषय संपला.

सेफ्टीला दोन्ही ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही. त्यामुळे "एसयूव्ही म्हणजे भक्कम" हेही इथे लागू नाही.

टॅक्सबद्दल घरात गैरसमज होता की एसयूव्हीला जास्त लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हिशोब सोपा झालाय: लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के जीएसटी, नाहीतर ४०. स्लाव्हिया आणि कुशाक दोन्ही ४ मीटरच्या वर, दोन्हींना ४०. १.० इंजिन आहे म्हणून छोट्या गाडीत बसेल असं नाही, दोन्ही अटी लागतात. दादाने लगेच स्कोडाचीच छोटी एसयूव्ही कायलाक काढली, ३९९५ मिमी, १८ टक्क्यांत बसणारी, आणि पैशाच्या दृष्टीने तो विचार चुकीचा नव्हता, पण ती का बाद झाली ते पुढे येतंय. आरटीओचा टॅक्स महाराष्ट्रात पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्याला सेडान-एसयूव्ही कळत नाही, फक्त किंमत कळते.

मायलेजवर मी वेळ घालवला नाही. ज्या टेकडीवर आपण सकाळी चालायला जातो तिथेच एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची लॅब आहे, तिथे गाडी रोलरवर चालवून आकडा काढतात, आणि इंजिन तेच असलं की आकडेही जवळजवळ सारखेच येतात. फरक पडतो एक्सप्रेसवेला. १०० च्या स्पीडला हवेचा विरोध मुख्य होतो, तो स्पीडच्या वर्गाने वाढतो, आणि दहा सेंमी उंच गाडी तेवढी जास्त हवा ढकलते. दादाचं रोजचं काम बायपासच्या ट्रॅफिकमध्ये, तिथे हवा कसली ढकलताय.

आता खरा विषय, पार्किंग.

दादाची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती, दोन वर्षांपूर्वी नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला. कोथरूडमध्ये दर दुसऱ्या गल्लीत हेच चाललंय, तीन मजली बिल्डिंग पाडून अकरा मजली होते, फ्लॅट वाढतात, प्लॉट तेवढाच राहतो, त्यामुळे गाड्या एकावर एक. यांच्याकडे पझल पार्किंग आहे, पॅलेट वर-खाली आणि बाजूला सरकतात, किल्ली लावून नंबर दाबायचा. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या तेव्हा दादाला खालचा पॅलेट मिळाला आणि घरात आनंदीआनंद, कारण खालचा म्हणजे गाडी पटकन निघते. कोणी हे बघितलं नाही की खालच्यावर वरचा पॅलेट येऊन बसतो. जुनी हॅचबॅक आरामात जायची म्हणून कधी प्रश्नच आला नाही.

मी दादाला म्हटलं, शोरूमच्या आधी पार्किंगला जाऊ. खांबावर मशीनवाल्यांची पाटी होती, धूळ पुसल्यावर दिसली: उंची १५५० मिमी, वजन २००० किलो. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, त्या बाजूची रांग उंच गाड्यांची, ही नाही, इथे एकाने मोठी गाडी घालून बघितली तर सेन्सर वाजून मशीनच थांबलं." टेप लावली तर वरच्या पॅलेटच्या बीमपर्यंत मोकळी जागा पाटीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा बोटभर जास्त निघाली, पण सेन्सर बोटभर जास्तीचं ऐकत नाही. कुशाकची उंची १६१२. कायलाक १६१९. क्रेटा १६३५. दादाच्या यादीतल्या सगळ्या एसयूव्ही त्या एका पाटीने कापल्या. स्लाव्हिया १५०७, म्हणजे ४३ मिमी शिल्लक, आणि तेही छतावर काही न लावता.

शोरूमचा मुलगा मात्र फोनवर ठामपणे सांगत होता की पझलमध्ये सगळ्या गाड्या जातात सर. त्यालाच म्हटलं, मग टेस्ट ड्राइव्हची गाडी सोसायटीतच आण. आणली. कुशाक पॅलेटसमोर उभी करून टेप धरल्यावर तो गप्प झाला, पोरगा चांगला होता, त्याने स्वतःच मग स्लाव्हिया मागवली. ती पॅलेटवर चढवून मशीन पूर्ण फिरवून बघितलं, वर-खाली दोनदा, अँटेनासकट. हे प्रत्येकाने करावं असं माझं स्पष्ट मत आहे, ब्रोशरमधली उंची कधी अँटेना धरून असते कधी नसते.

दादा लगेच मागे हटला नाही. उंच रांगेतल्या कोणाशी अदलाबदल करू म्हणाला. त्या रांगेत एक सेडानवाले होते, त्यांना विचारलं, ते तोंडी हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मुलाशी बोलून नाही म्हणाले, कारण मुलालाही पुढेमागे एसयूव्हीच घ्यायची आहे. कमिटीचं म्हणणं, दोघांची लेखी संमती आणा, मीटिंगमध्ये नोंद करू, तोंडी व्यवस्था चालणार नाही. त्यांचं बरोबरच आहे, उद्या एकाने फ्लॅट विकला तर काय? रस्त्यावर लावायची कल्पनाही निघाली, पण सोळा लाखांची गाडी गल्लीत लावून रोज सकाळी टू-व्हीलरवाल्यांनी काढलेले नवीन ओरखडे मोजायचे याला वहिनीने साफ नकार दिला.

इथे प्रकरण संपायला हवं होतं, पण आत्या राहिली होती.

कुशाक दारात आलेलीच होती म्हणून आत्याला खाली बोलावलं आणि दोन्ही गाड्यांत बसवून बघितलं. कुशाकच्या मागच्या सीटवर ती जवळजवळ खुर्चीवर बसावं तशी बसली, कंबर सरळ आत, पाय नंतर. स्लाव्हियाच्या मागे मात्र छत मागे उतरत जातं, त्यामुळे मान वाकवायची आणि त्याच वेळी गुडघाही वाकवून खाली जायचं, दोन्ही एकदम. उतरताना तर तिला दादाचा हात लागला. सीटच्या उंचीत चार-पाच बोटांचाच फरक असेल, पण बदललेल्या गुडघ्याला तो पुरतो. आत्याला घरी डायनिंगच्या खुर्चीतून उठता येतं, सोफ्यातून येत नाही. स्लाव्हियाची मागची सीट सोफ्याच्या बाजूची निघाली. (दादाने मधेच एक मोठी, शिडीसारख्या चेसिसवाली एसयूव्हीही बघून ठेवली होती, तिथे साडी सावरत फूटबोर्डवर चढणं आत्याला जमेचना, हँडलला लटकून खांदा दुखला तो वेगळाच. म्हणजे उंच तेवढं चांगलं असंही नाही.)

म्हणजे पार्किंग म्हणतंय सेडान आणि गुडघा म्हणतोय एसयूव्ही. खरं भांडण इतक्या उशिरा समोर आलं, त्याआधीचं सगळं नऊ मिमीवर चाललं होतं.

मग पुढच्या सीटवर बसवून बघितलं. पुढे छत उतरत नाही, दार जास्त उघडतं, आणि सीट मागे सरकवता येते. फिजिओने तिला शिकवलेलंच होतं की आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. वहिनीने पिशवीतली एक प्लास्टिकची कॅरीबॅग सीटवर टाकली, त्यावर आत्या सहज फिरली. खाली एक घट्ट फोमची उशी ठेवली तर उंचीही बऱ्यापैकी जुळली. दोन गोष्टी तिथेच कळल्या. एक, सीट वर करायचा लिव्हर बऱ्याच गाड्यांत फक्त ड्रायव्हरला असतो, शेजारच्याला नाही, त्यामुळे व्हेरिएंट ठरवताना सनरूफच्या आधी हे विचारायचं. दोन, फुटपाथला चिकटून गाडी लावली तर आपण वर आणि सीट अजून खाली, म्हणून आत्याला रस्त्याच्या पातळीवरूनच बसवायचं. आणि पॅलेटवर दार पूर्ण उघडत नाही, त्यामुळे तिने कायम बाहेरच चढायचं-उतरायचं.

सामानाचं गणित मात्र सरळ वहिनीच्या बाजूने होतं. स्लाव्हियाची डिकी ५२१ लिटर, कुशाकची ३८५. पाच माणसं बसलेली असताना मागची सीट पाडता येत नाही, त्यामुळे एसयूव्हीचा तो मोठा फायदा या घराला जवळजवळ कधीच मिळणार नव्हता. गणपतीला जाताना पाच जणांच्या बॅगा, सजावटीचं सामान, येताना नारळ आणि फणस. डिकीचं तोंड लहान असतं हे खरंय, उभी मोठी वस्तू जात नाही, पण आंब्याच्या पेट्या जातात आणि उन्हात झाकलेल्या राहतात. एसयूव्हीला छतावर कॅरिअर लावला असता तर तो पॅलेटवर जाताना प्रत्येक वेळी काढावा लागला असता, म्हणजे काढलाच नसता.

स्लाव्हिया घेतली, १.० ची. दादाला १.५ हवं होतं, वहिनीने हिशोब मांडला आणि तो विषय तिथेच थांबला.

हे सगळं बघून कोणी "म्हणजे सेडानच चांगली" म्हणणार असेल तर तसं नाहीये. याच घराला बिल्डिंगखालचं साधं स्टिल्ट पार्किंग, मशीनशिवायचं, असतं तर मी कुशाकला हो म्हटलं असतं, फक्त आत्याच्या मागच्या सीटसाठी, डिकी लहान असूनसुद्धा. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर असतं तर कदाचित अदलाबदलीसाठी अजून जोर लावला असता, त्या सेडानवाल्या काकांना चार पैसे देऊन पण. आणि ४५४१ विरुद्ध ४२२५, म्हणजे जवळजवळ फूटभर जास्तीची लांबी, ही पेठेत गाडी लावणाऱ्याला रोज नडते. वहिनी तिकडे जायचं असलं की मेट्रोने जाते म्हणून ती या हिशोबात आली नाही.

ताम्हिणीत गाडी वहिनी चालवते, वळणांवर गाडी झुलत नाही म्हणून पुतणीचं उलट्या होणं बरंच कमी झालंय. गावच्या घराकडे जाणारा शेवटचा कच्चा रस्ता जांभ्या दगडाचा आहे, तिथे एका ठिकाणी पोट टेकतं, एसयूव्ही असती तरी नऊ मिमीने वाचलं नसतं असं मी म्हणतो, दादा अजून मानत नाही. या सगळ्यात खरं नुकसान झालं ते काकांचं, कारण चाळीस वर्षं पुढे बसलेला माणूस आता मागे, डाव्या खिडकीपाशी. त्या जांभ्याच्या चढावर वजन कमी करायला दोन माणसं उतरतात त्यात काका नेहमी पहिले, आणि वर गेल्यावर गाडी थांबली की पुढचं दार उघडून आत्याला विचारतात, "तू उतरून मागे बसतेस का जरा?"